थंड पाण्यांतील कॉफी : बुंददाण्यांची पारख

वऱ्हाडांत वैशाख तापूं लागला म्हणजे चुलीजवळ उभें राहण्याची इच्छा कोणासच राहत नाहीं. कैरीचें पन्हें, ताक, लिंबाचें सरबत, उसाचा रस हीं आपलीं पेयें तर आहेतच. परंतु गेल्या कांहीं वर्षांत त्यांच्या पंक्तीस एक नवें पेय येऊन बसलें आहे. पुण्याबंगळुरास नोकरीस असलेलीं मुलें सुटींत बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरतात, तेव्हां त्यांच्या सामानांत भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांची एखादी पिशवी असते. रात्रीं तीं मुलें त्या दाण्यांची भरड पाण्यांत भिजत घालतात आणि सकाळीं गाळून तें काळें, गार पाणी मोठ्या आवडीनें पितात. यालाच ‘कोल्ड ब्रू’ असें म्हणतात. मुलें परत गेलीं कीं घरची माणसें तसेंच पेय करूं पाहतात, टपालानें पिशव्या मागवितात, आणि पिशवीवरचीं भारदस्त नांवें वाचून गोंधळतात. कोणते दाणे घ्यावे, कोणते टाळावे, आणि अधिक पैसे मोजले तर ते कशासाठीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटविला पाहिजे. दूध, साखर व बर्फ घालून घुसळलेली जी थंड कॉफी उपाहारगृहांत मिळते, ती ही नव्हे. गरम कॉफी करून निववली, तर तीही ही नव्हे. या प्रकारांत विस्तवाचा संबंध दाणे भाजण्यापुरताच येतो. भाजलेल्या दाण्यांची जाड भरड थंड पाण्यांत बारापासून अठरा तास ठेवावयाची व नंतर गाळून घ्यावयाची, इतकीच कृति. अर्थात् उष्णतेचें काम येथें वेळेकडून करून घेतलेलें असतें.

परंतु वेळ उष्णतेचें सगळेंच काम करीत नाहीं, आणि दाण्यांच्या निवडीचें मर्म नेमकें येथेंच आहे. रात्रीं भिजत घातलेल्या मेथीचें पाणी आणि मेथीचा काढा या दोहोंची चव ज्यानें घेतली आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. उकळतें पाणी दाण्यांतील बरेंवाईट सगळें ओढून काढतें. थंड पाणी त्यांतील कांहीं पदार्थ सहज घेतें, कांहीं फार सावकाश घेतें, आणि कांहींना जवळजवळ स्पर्शच करीत नाहीं. त्यामुळें या कॉफींत कडवटपणा व आंबटपणा कमी जाणवतो, गोडसर चव वर येते, आणि गरम पेल्यांतून जो घमघमाट उठतो तो येथें नसतो. वासाचा झगमगाट नाहीं, वाफ नाहीं, बहुधा दूधसाखरही नाहीं. मग शिळ्या, बुरसट किंवा जळक्या दाण्याचा दोष झांकणार कोण? म्हणून गरम कॉफींत जो दाणा खपून जातो, तो थंड पाण्यांत उघडा पडतो.

आतां दाण्यांकडे वळूं. जुन्या मराठींत यांस बुंद किंवा बुंददाणे म्हणत. हे दाणे म्हणजे लाल, बोरासारख्या फळांतील बिया होत. सामान्यतः एका फळांत दोन बिया समोरासमोर असतात व त्यामुळें त्यांची एक बाजू सपाट होते. क्वचित् एकच बी वाढते व ती वाटाण्यासारखी गोल होते. तिला ‘पीबेरी’ म्हणतात. गोल असल्यामुळें ती भाजतांना सारखी फिरते आणि सारखी भाजली जाते, हा तिचा गुण. तिची जात मात्र निराळी नसते.

जाति मुख्यतः दोन. अरेबिका ही उंच व थंड ठिकाणीं, साधारणतः एक हजार ते दीड हजार मीटर उंचीवर चांगली येते. ती नाजूक असून कीड व तांबेरा यांस लवकर बळी पडते. रोबस्टा ही तिच्याहून काटक असून कमी उंचीवर वाढते आणि पीकही भरपूर देते. अरेबिकाची चव सौम्य, किंचित् आंबटगोड. रोबस्टाची जाड व कडवट. आपल्या देशांत आज रोबस्टाचेंच पीक अधिक निघतें, सुमारें सत्तर टक्के. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. अरेबिकाच्या दाण्यांत वजनाच्या सुमारें सव्वा टक्का कॅफीन असतें. रोबस्टांत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

हा केवळ पुस्तकी भेद नव्हे. थोडा हिशेब करून पाहूं. शंभर ग्रॅम अरेबिकांत बाराशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतें. ती भरड आठशें मिलिलिटर पाण्यांत भिजवली व त्यांतील पाऊण भाग कॅफीन पाण्यांत उतरलें असें धरलें, तर शंभर मिलिलिटर पेयांत एकशेंदहा मिलिग्रॅम पडलें. हेंच दाणे रोबस्टाचे असले तर आंकडा दोनशेंच्या घरांत जातो. निरोगी प्रौढ माणसानें दिवसाकांठी चारशें मिलिग्रॅमपलीकडे जाऊं नये व गर्भवती स्त्रीनें दोनशेंच्या आंत राहावें, अशी मर्यादा वैद्यकशास्त्रांत सामान्यतः मानली जाते. म्हणजे रोबस्टाचा एकच लहान पेला गर्भवतीची दिवसाची मर्यादा गांठतो. थंड कॉफी घशास सौम्य लागते, म्हणून ती अंगासही सौम्य असेल, हा समज चुकीचा आहे. कडवटपणा राहतो मागें, कॅफीन मात्र पेल्यांत येतें. सरबत समजून लहान मुलांच्या हातीं ती देऊं नये.

जातीनंतर प्रश्न येतो तो फळांतून बी कशी काढली याचा. एक रीत अशी कीं, फळाचा गर पाण्याच्या साहाय्यानें काढून, बी आंबवून, धुऊन मग वाळवावयाची. अशा धुतलेल्या अरेबिकास आपल्याकडील व्यापारांत ‘प्लँटेशन’ म्हणतात. दुसऱ्या रीतींत अख्खें फळच उन्हांत वाळवितात व मागाहून टरफल काढतात. तिला ‘चेरी’ हें नांव आहे. धुतलेल्या दाण्याची चव स्वच्छ व मोकळी असते. अख्ख्या फळांत वाळलेल्या दाण्यांत फळाचा गोडवा उतरतो. पण वाळवण्यांत हयगय झाली तर कुबट वासही उतरतो. पिशवीवर ‘ए’ किंवा ‘एए’ अशीं अक्षरें दिसतात, तीं चवीचीं नव्हेत. तीं दाण्याच्या आकाराचीं आहेत. चाळणीवर मोठे राहिले ते ‘एए’, त्याखालचे ‘ए’, मग ‘बी’. सारख्या आकाराचे दाणे सारखे भाजले जातात एवढा त्यांत फायदा खरा; पण मोठा दाणा तो गोड दाणा, असा नियम नाहीं.

तिसरा एक प्रकार आपल्या विषयाशीं फार निकटचा आहे. शिडाच्या गलबतांच्या काळीं मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेस वळसा घालून युरोपांत पोहोंचावयास महिनेच्या महिने लागत. समुद्राच्या दमट हवेनें दाणे फुगत, हिरवट रंग जाऊन पिवळट होत आणि त्यांतील आंबटपणा नाहींसा होई. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आंखूड झाला, आणि तिकडील गिऱ्हाइकांस ती ओळखीची चव मिळेनाशी झाली. तेव्हां पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनीं वखारींतच दाणे पसरून त्यांस पावसाळी वारे देण्याची युक्ति काढली. तीच आजची ‘मॉन्सून्ड मलबार’. आंबटपणा अत्यल्प, अंग भारी. थंड पाण्यास ती उत्तम मानवते. विशेषतः पेल्यांत थोडें दूध घालावयाचें असेल तर. नुसती काळी पिणारांस मात्र ती क्वचित् मातकट वाटते, हेंही सांगून ठेवतों.

आतां प्रदेशांचा विचार. बाबा बुदन या सूफी साधूनें सतराव्या शतकांत यात्रेहून परततांना येमेनच्या मोखा बंदरांतून सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. ते डोंगर आज त्याच्याच नांवानें ओळखले जातात. आजही देशांतील बहुतांश कॉफी कर्नाटकांतून येते. मागोमाग केरळ व तामिळनाडू. आंध्र प्रदेशांत पूर्व घाटावर अराकूच्या खोऱ्यांत आदिवासी शेतकरी अरेबिका पिकवितात. २०१९ सालीं कोडगू अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, अराकू खोरें अरेबिका व वायनाड रोबस्टा या पांच कॉफींस भौगोलिक मानांकन मिळालें. आपल्याकडील मळे बहुतेक सावलीचे; मोठ्या वृक्षांखालीं कॉफी, आणि त्या वृक्षांवर मिरीचे वेल.

पूर्वीं मात्र गिऱ्हाइकास अशी निवड मुळींच नव्हती. १९४२ च्या कायद्यानें कॉफी बोर्ड स्थापन झालें. त्या व्यवस्थेंत मळेवाल्यास आपला माल बोर्डाच्या सामायिक साठ्यांत घालावा लागे. कोणत्या डोंगरावरचा दाणा कोणाच्या पेल्यांत पडला, हें कळावयास मार्ग नसे. हीं बंधनें १९९० नंतरच्या वर्षांत सैल होत गेलीं व १९९६ पासून सर्वच मळेवाल्यांस माल खुला विकण्याची मुभा मिळाली. पिशवीवर आज मळ्याचें, गांवाचें, झाडाच्या वाणाचें नांव दिसतें तें यामुळें. ‘एस ७९५’, ‘सिलेक्शन ९’, ‘चंद्रगिरी’ हीं नांवें कोणाच्या जाहिरातीचीं नसून अरेबिकाच्या वाणांचीं आहेत, हें ध्यानांत असावें.

परंतु कॉफी म्हणजे सगळी दक्षिणेकडचीच, असें आम्हां अमरावती जिल्ह्याच्या लोकांनीं तरी म्हणूं नये. आपलें चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १११८ मीटर उंच आहे. १८२३ सालीं हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनची दृष्टि या स्थळावर गेली. पुढें इंग्रजी अमदानींत तेथें कॉफीची लागवड झाली, आणि महाराष्ट्रांत कॉफी पिकणारें ठिकाण म्हणून गाविलगडाच्या या डोंगराचें नांव आजही घेतलें जातें. उंची पाहिली तर अरेबिकास लागणाऱ्या मर्यादेच्या ती नुकती आंत बसते. दक्षिणेच्या मळ्यांपुढें येथील पीक अगदींच थोडें. तरी मेळघाटच्या उतारावरील दाणा आपल्या पेल्यांत पडावा, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे.

ती इच्छा मी मोडूं इच्छीत नाहीं. पण केवळ जिल्ह्याच्या अभिमानानें पिशवी उचलूं नये, असें आग्रहानें सांगतों. जे प्रश्न चिकमगळूरच्या दाण्यास विचारावयाचे, तेच चिखलदऱ्याच्या दाण्यासही विचारावे. दाणा अरेबिका कीं रोबस्टा? तो धुऊन वाळविला कीं फळासकट? कोणत्या हंगामाचा? आणि भाजला केव्हां? या चार प्रश्नांचीं उत्तरें विकणारा देऊं शकला, तर दोन पैसे अधिक देऊन आनंदानें घ्यावा. उत्तरें न मिळालीं, तर पिशवींतील माल पिशवीवरच्या नांवाचाच आहे हें मानावयास आधार राहत नाहीं. गिऱ्हाईक प्रश्न विचारूं लागलें म्हणजेच नीट पिकविणाऱ्याच्या मालास निराळा भाव मिळण्याचा संभव असतो. नांवावरच सगळें खपतें असें दिसलें, तर झाडावरची पिकलेलीं फळें तेवढीं वेंचून घेण्याचे कष्ट कोणी कां करावे?

चौथा प्रश्न भाजण्याचा. त्यावर चवीचा फार मोठा भाग अवलंबून आहे. फिकट भाजलेल्या दाण्यांतील आंबटपणा व फुलांसारखा वास हे गुण उष्णतेनें खुलतात; थंड पाण्यांत तो दाणा बहुधा पचपचीत लागतो. काळाकुट्ट भाजलेला, तेलानें चकाकणारा दाणा कोळशाची चव देतो, आणि पृष्ठावर आलेलें तेल लवकर खवट होतें. मध्यम भाजणी, दाण्याचा रंग दालचिनीहून गडद पण काळा नव्हे आणि पृष्ठभाग कोरडा, हीच थंड पाण्यास योग्य. पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली असली पाहिजे. नुसती ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ ही अक्षरें पुरेशीं नाहींत. भाजून एक आठवडा झाल्यापासून पांच आठवड्यांपर्यंतचा काळ चांगला. आपल्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांस टेकतो. अशा दिवसांत एकदम किलोभर दाणे घेऊन ठेवूं नयेत. अडीचशें ग्रॅम घ्यावे व घट्ट झांकणाच्या डब्यांत, चुलीपासून दूर, अंधारांत ठेवावे.

तयार पूड घेण्याचा मोह टाळावा. एक तर ती लवकर वास सोडते. दुसरें, बाजारांतील फिल्टर कॉफीच्या पुडींत पुष्कळदां चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हें एका वनस्पतीचें भाजलेलें मूळ. तें विषारी नव्हे, आणि दूध घातलेल्या गरम कॉफींत कित्येकांस आवडतेंही. अशा मिश्रणांत कॉफीचा अंश निदान एकावन्न टक्के असलाच पाहिजे व प्रमाण वेष्टणावर छापलें पाहिजे, असा नियम आहे. पण थंड पाण्यांत चिकोरी चटकन् उतरते, पाणी काळें व दाट दिसतें, आणि दाण्याची खरी चव तिच्याखालीं दडपते. रंग पाहून कॉफी कडक झाली असें समजणारांची येथेंच फसगत होते.

कृति थोडक्यांत सांगतों. शंभर ग्रॅम दाणे मिक्सरमध्यें थांबून थांबून फिरवावे. भरड गव्हाच्या दलियासारखी जाड असावी. रव्याइतकी बारीक झाली तर पेय गढूळ व तुरट होतें. मसाला वाटण्याचें भांडें वापरूं नये. हळदीचा व धण्याचा वास कॉफी फार लवकर उचलते. कांचेच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ भांड्यांत भरड घालून आठशें मिलिलिटर पाणी ओतावें, चमच्यानें एकवार ढवळावें व झांकावें. पाणी उकळून गार केलेलें व चवीस गोडें असावें. पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यांत, विहिरीचें पाणी मचूळ असतें. त्या पाण्यांत उत्तमांतला उत्तम दाणाही वाया जातो.

भांडें सोळा तास शीतकपाटांत ठेवावें. थंड देशांत तें रात्रभर बाहेर ठेवतात म्हणून आपणही ठेवावें, असें नाहीं. वैशाखांत आपल्या घरांत मध्यरात्रींही हवा तीस अंशांच्या वर असते. त्या उष्णतेंत तासन् तास ठेवलेल्या, न उकळलेल्या पेयांत जंतूंची वाढ होण्यास वेळ लागत नाहीं. ज्यांच्याकडे शीतकपाट नाहीं त्यांनीं उन्हाळ्यांत हा प्रकार करूंच नये. ताजी गरम कॉफी करून माठाच्या गार पाण्यांत भांडें ठेवून निववावी, तीही वाईट लागत नाहीं. सोळा तासांनीं पेय आधीं चाळणींतून व मग स्वच्छ धुतलेल्या मलमलीच्या फडक्यांतून गाळावें. फडकें पिळूं नये. शंभर ग्रॅम भरड सुमारें दोनशें मिलिलिटर पाणी धरून ठेवते, म्हणून हातीं सहाशेंच्या जवळपास येईल. पितांना त्यांत तितकेंच पाणी किंवा बर्फ घालावें, आणि उरलेलें पेय शीतकपाटांतच ठेवून चार दिवसांत संपवावें.

शेवटीं, प्रथमच घेणाराने काय घ्यावें? काळी पिणारांनीं चिकमगळूर किंवा कोडगूची धुतलेली, मध्यम भाजणीची अरेबिका घ्यावी. दूध घालणारांनीं मॉन्सून्ड मलबार घ्यावी, अथवा चार भाग अरेबिकांत एक भाग चांगला रोबस्टा मिसळावा. फळाचा गोडवा आवडणारांनीं अख्ख्या फळांत वाळविलेली अरेबिका पाहावी. आणि ज्यांस निश्चित निर्णय हवा असेल त्यांनीं एक सोपा प्रयोग करावा. तीन प्रकारचे दाणे थोडथोडे आणून, वजन, पाणी व वेळ अगदीं सारखीं ठेवून, तीन बरण्या लावाव्या. सकाळीं घरांतील एकानें पेल्यांच्या तळाशीं खुणा कराव्या व बाकीच्यांनीं नांव न विचारतां चाखावें. सर्वांत महाग पेला पहिलाच ठरेल असें नाहीं. त्या तिहींत एक बरणी चिखलदऱ्याची असली, आणि वरील चार प्रश्नांचीं उत्तरें घेऊन ती आलेली असली, तर आपल्या डोंगरावरच्या दाण्याचा निकालही घरच्या घरीं, निःपक्षपातानें लागेल.